साखर वाढली, हे बीटा पेशीला कळतं कसं?

लेखमाला : शरीरातली साखर / लेखांक ६

मागच्या आठवड्यात इन्सुलिन स्नायूंच्या पेशीत साखर कशी शिरू देतं, ते पाहिलं. आता त्याच्या आधीची पायरी पाहू. जेवण झालं, रक्तात साखर वाढली, आता इन्सुलिन सोडायला हवं, हे स्वादुपिंडाला सांगतं कोण?

सुरतेच्या नवागाम-डिंडोली भागात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. नंदुरबार, धुळे, जळगावहून येऊन इथे वसलेल्या कुटुंबांतला एखादा माणूस अंगानं सडसडीत असतो, बारा-बारा तास लूमवर उभा राहतो आणि तपासणीत शुगर निघाली की विचारतो, ‘‘मी कुठं जाडा आहे? मला कशी झाली?’’ त्याच्या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर बीटा पेशीत आहे.

स्वादुपिंडात पेशींचे बारीक पुंजके विखुरलेले असतात. पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्यानं १८६९ मध्ये त्यांचं पहिलं वर्णन केलं. निरोगी माणसात असे सुमारे दहा लाख पुंजके असतात आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक पेशी बीटा पेशी, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या. ही पेशी साखर मोजते ती जाळून.

ग्लुकोज आत आलं की ग्लुकोकायनेज हे विकर त्यावर काम सुरू करतं. रिकाम्या पोटी त्याची गती मंद असते, जेवणानंतर ती वाढते. पुढे ग्लुकोजचं पायरुवेट होतं. धावताना स्नायूची पेशी पायरुवेटचं लॅक्टेट करून वेळ मारून नेते. बीटा पेशीत ती पळवाट जवळजवळ बंद असते, त्यामुळे पायरुवेटला तंतुकणिकांतच, म्हणजे मायटोकाँड्रियातच जावं लागतं. तंतुकणिकांच्या बाहेर ग्लुकोजच्या एका रेणूतून एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, जेमतेम दोन रेणू हाती लागतात. आत पूर्ण ज्वलन झालं की एकूण आकडा तीसच्या घरात जातो. जितकी साखर, तितकं एटीपी.

पेशीच्या पडद्यावर पोटॅशियम बाहेर सोडणाऱ्या मार्गिका असतात. एटीपी वाढलं की त्या मिटतात. ग्लुकोजमुळे बीटा पेशीतली ही मार्गिका बंद होते, हे फ्रान्सिस ॲशक्रॉफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवलं. पोटॅशियम अडलं की पडद्यावरचा विद्युतदाब बदलतो, कॅल्शियम आत घुसतं आणि इन्सुलिनच्या पिशव्या पडद्याला चिकटून रिकाम्या होतात. पहिली लाट साधारण दहा मिनिटांत ओसरते. नंतरचा संथ स्राव टिकवायलाही तंतुकणिकांकडून येणारे संकेत लागतात.

तंतुकणिका बिघडल्या तर? १९९२ मध्ये त्याचा धडधडीत पुरावा मिळाला. तंतुकणिकांच्या स्वतःच्या डीएनएतल्या एका अक्षराच्या बदलामुळे काही घराण्यांत मधुमेह आणि बहिरेपणा एकत्र येतात, आणि तो दोष फक्त आईकडून मुलांकडे जातो. हा प्रकार विरळा आहे, पण इन्सुलिनचा स्राव तंतुकणिकांवर किती अवलंबून आहे, हे त्यानं पक्कं केलं.

आपल्याकडच्या मधुमेहातही स्रावाची बाजू लंगडी दिसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी २०२२ मध्ये तरुण वयात टाइप २ मधुमेह झालेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात इन्सुलिनची तीव्र कमतरता असलेल्यांचा गट सर्वांत मोठा निघाला. म्हणून वजनकाट्यावर भरवसा ठेवून तपासणी टाळू नये.

रातपाळीचा मुद्दाही इथेच येतो. बीटा पेशीवर मेलाटोनिन या रात्रीच्या संप्रेरकाचे ग्राहक असतात. त्या ग्राहकाच्या जनुकाचा एक प्रकार मधुमेहाचा धोका वाढवतो, हे २००९ मध्ये कळलं. रात्री हीच पेशी त्याच जेवणाला कमी इन्सुलिन देते. तेव्हा मोठं जेवण पाळीवर जाण्यापूर्वी, संध्याकाळी उरकावं आणि मध्यरात्रीचा चहा कमी साखरेचा घ्यावा.

आता गोळीचं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या तीच पोटॅशियमची मार्गिका थेट मिटवतात, तंतुकणिकांना वगळून. पेशीनं साखर जाळली की नाही, याची त्या वाट पाहत नाहीत. म्हणूनच ही गोळी घेऊन जेवण चुकवलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. चालत्या यंत्रापुढे उभ्या माणसासाठी हा जिवाशी खेळ आहे. गोळी मनानं बंद करू नका. पण पाळी बदलली की डॉक्टरांना सांगून गोळीची आणि जेवणाची वेळ नव्यानं ठरवून घ्या, आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा.

पुढच्या लेखांकात : वर्षानुवर्षं जादा साखर जाळून बीटा पेशी थकते कशी, आणि तिला विश्रांती देता येते का?