अहवाल कोणत्या पत्त्यावर पाठवायचा?

पोस्टाच्या पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव लिहितात. तिथे कोणीही कोणाचेही नाव लिहावे, पोस्टमन ते तपासत बसत नाही. ई-मेलचेही तसेच आहे. तिच्या वाहतुकीचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिले, तेव्हा जाळ्यावर मोजकेच संगणक होते. पाठवणाऱ्याची खातरजमा करण्याची तरतूद त्या नियमांत नव्हती. त्यामुळे आपल्या शाळेच्या नावाने ‘फी या खात्यात भरा’ असे पत्र कोणीही पालकांना पाठवू शकतो, आणि शाळेला त्याची गंधवार्ताही नसते.

यावर आधी दोन उपाय निघाले. ‘एसपीएफ’मध्ये डोमेनचा मालक आपली पत्रे कोणत्या यंत्रांवरून निघतात याची यादी जाहीर करतो. ‘डीकिम’मध्ये पत्रावर गणिती सही असते. पण दोन्हींत एक फट राहिली: तपासले जाते एका डोमेनचे नाव, आणि वाचणाऱ्याला दिसू शकते दुसरेच. २०१२ मध्ये जाहीर झालेल्या आणि २०१५ मध्ये आरएफसी ७४८९ म्हणून प्रसिद्ध झालेल्या ‘डीमार्क’ पद्धतीने ही नावे जुळण्याची अट घातली. न जुळल्यास पत्र तसेच जाऊ द्यावे, संशयितांत टाकावे की नाकारावे, याबद्दलची इच्छा मालकाने सांगायची.

डीमार्कमधला ‘आर’ मात्र ‘रिपोर्टिंग’चा आहे, आणि आमच्या मते खरी गंमत तिथेच आहे. डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत, म्हणजे डीएनएसमध्ये, मालक एक ओळ लिहितो. तिच्यात ‘आर-यू-ए’ या तीन रोमन अक्षरांपुढे अहवालासाठीचा पत्ता असतो. हा भाग ऐच्छिक आहे. पण तो गाळला, तर आपल्या नावाने काय चालले आहे हे सांगणारे कोणी उरत नाही.

अहवाल पाठवतात ते पत्रे स्वीकारणारे, साधारणपणे दिवसातून एकदा. कोणत्या आयपी पत्त्यावरून आपल्या नावाची किती पत्रे आली, तपासणीत काय निघाले आणि त्यांचे काय केले, एवढेच त्यात असते. पत्रातला मजकूर नसतो. समजा, एका अनोळखी यंत्रावरून आलेली दोनशे पत्रे नापास झाली. तो भामटा असेल, किंवा फीच्या पावत्या पाठवणारी आपलीच कंत्राटदार कंपनी असेल, जिला यादीत घालायचे राहून गेले. हे न पाहता एकदम ‘नाकारा’ असे लिहिले, तर पालकांच्या पावत्याच अडतील. म्हणून आधी काही आठवडे नुसते अहवाल वाचायचे.

हे अहवाल यंत्राने वाचण्यासाठी असतात, माणसाला ते किचकट वाटतात. म्हणून पुष्कळ जण ते दुसऱ्या संस्थेकडे पाठवतात. इथे एक प्रश्न येतो. शाळेचे डोमेन ‘क’, संस्थेचे ‘ख’. ‘क’ने आपल्या नोंदीत ‘ख’चा पत्ता लिहिला, पण ‘ख’ला ते मान्य आहे का? समजा, एखाद्या खोडसाळ माणसाने नवे डोमेन घेतले, अहवालाचा पत्ता म्हणून तिसऱ्याच माणसाचा लिहिला आणि त्या डोमेनवरून जगभर पत्रे उधळली. अहवालांचा पूर त्या बिचाऱ्याच्या पेटीत! म्हणून नियम असा, की ‘ख’नेही आपल्या नोंदवहीत ‘क’चे अहवाल मला चालतील अशी नोंद ठेवायची. अहवाल पाठवणाऱ्याने आधी ती शोधायची, आणि न मिळाल्यास त्या पत्त्यावर काही पाठवायचे नाही. दोन्ही पत्ते एकाच मूळ डोमेनचे असतील, तर ही संमती लागत नाही.

‘आर-यू-एफ’ असा आणखी एक पत्ता देता येतो. त्यावर नापास झालेल्या एकेका पत्राचा तपशील येतो. त्यात कुणाचा खाजगी मजकूरही असू शकतो, म्हणून अनेक मोठे सेवादाते असे अहवाल पाठवतच नाहीत. आम्हाला ते योग्यच वाटते.

या सर्व नोंदी उघड असतात, त्यामुळे वर्गात त्या सहज पाहता येतात. संगणकावर ‘एनएसलुकअप’ या आज्ञेने टीएक्सटी प्रकारची नोंद मागवावी. डोमेनच्या नावाआधी अधोरेषा, ‘डीमार्क’ हा शब्द आणि टिंब, सारे रोमन लिपीत, लिहावे. सुरुवात जीमेल डॉट कॉमपासून करावी. अहवालाचा पत्ता कोणत्या डोमेनचा आहे ते पाहावे, आणि तो दुसऱ्याच डोमेनचा निघाला, तर त्याची संमतीची नोंद कुठे सापडते, हे विद्यार्थ्यांना शोधू द्यावे.