बिळातील हाडे आणि घरातील हाडे

धर्मापुरीच्या शिवारात बांधाच्या कडेला उंदरांची बिळे आपण नेहमी पाहतो. हा उंदीर दिवसा दडतो, पण रात्री दाण्यासाठी वर येतो. आफ्रिकेतील मोल-रॅट नावाचे प्राणी मात्र जवळजवळ सारा जन्म भुयारात काढतात. कंदमुळे हेच त्यांचे अन्न. ऊन ठाऊक नाही. मग त्यांची हाडे मऊ का पडत नाहीत?

अन्नातील कॅल्शियम, म्हणजे चुन्यातील धातू, आतड्यातून नीट शोषला जाण्यास ड जीवनसत्त्व लागते, आणि ते मुख्यतः त्वचेवर ऊन पडून तयार होते. त्यावाचून माणूस शेकडा १० ते १५ एवढेच कॅल्शियम घेऊ शकतो. मग मुलांना मुडदूस होतो; मोठ्यांची हाडे दुखू लागतात. १९९० च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत संशोधकांनी मोल-रॅट तपासले. त्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व अत्यल्प होते. तरीही अन्नातील शेकडा ९० च्या आसपास कॅल्शियम त्याच्या मदतीवाचून आतड्यातून झिरपत होते. जास्तीचा भाग हाडांत व दातांत जातो; दात माती उकरताना झिजतात आणि पुन्हा वाढतात.

आपल्याला ही सोय नाही. रक्तात कॅल्शियम कमी पडले, की शरीर हाडांतूनच उचल करते. म्हणून मराठवाड्यासारख्या उन्हाच्या मुलखातही अंधाऱ्या खोलीत दिवस काढणाऱ्या बाळंतिणीची आणि तिच्या तान्ह्याची आम्हांस काळजी वाटते. तिच्या ताटात दूध, तीळ, नाचणी असावी, आणि घरच्यांनी दोघांना रोज थोडा वेळ अंगणातील कोवळ्या उन्हात बसू द्यावे, एवढेच आमचे सांगणे आहे.