पंच्याहत्तर फुटांची फट

वॉशिंग्टन : पोटोमॅक नदीकाठी, रेगन नॅशनल विमानतळाला लागूनच ग्रॅव्हली पॉइंट नावाची हिरवळ आहे. विमानं अगदी डोक्यावरून जातात, म्हणून लोक पोराबाळांना घेऊन इथे येऊन बसतात. या शहराचं आकाश किती दाटीचं आहे, ते इथे कळतं. नदीच्या अलीकडे पेंटॅगॉन, पलीकडे व्हाइट हाउस आणि संसद. त्यामुळे लष्कराची आणि पोलिसांची हेलिकॉप्टरं नदीचा पट धरून सतत ये-जा करत असत.

२९ जानेवारी २०२५ च्या रात्री याच नदीवर लष्कराचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर आणि विचिटाहून आलेलं प्रवासी विमान एकमेकांवर आदळलं. ६७ माणसं गेली. एकही वाचलं नाही.

इथली व्यवस्था अशी होती : हेलिकॉप्टरांचे मार्ग नकाशावर आखलेले, आणि विमानतळाजवळच्या टप्प्यात २०० फुटांच्या वर जायचं नाही. पण ३३ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरणारं विमान नदी ओलांडतं ते फारच खालून. दोन्ही वाटांमध्ये उभं अंतर काही ठिकाणी जेमतेम ७५ फूट उरत होतं. त्या रात्री हेलिकॉप्टर ठरलेल्या उंचीच्या वर होतं. टक्कर झाली सुमारे २७८ फुटांवर.

बाकी भिस्त डोळ्यांवर होती. नियंत्रक विचारायचा, विमान दिसतंय का? हेलिकॉप्टरचा वैमानिक ‘दिसतंय’ म्हणाला, की अंतर राखण्याची जबाबदारी त्याची. पण रात्री शहराच्या हजार दिव्यांत विमानाचा दिवा कोणता? विमानातलं टक्कर टाळण्यासाठीचं यंत्र जवळ कोणी आहे एवढं सांगतं. जमिनीच्या इतक्या जवळ मात्र ‘वर चढा’, ‘खाली या’ असा आदेश ते देत नाही.

मला सर्वांत जास्त सलते ती गोष्ट वेगळीच. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात इथे विमान आणि हेलिकॉप्टर एकमेकांच्या जवळ आल्याचे १५,२१४ प्रसंग नोंदीत सापडले. राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने ते मोजले अपघातानंतर. हेलिकॉप्टरांचा तो टप्पा बंद झाला, तोही त्यानंतरच.

मुंबईकरांनी हे परक्याचं दुःख समजू नये. जुहूहून मुंबई हायच्या तेलविहिरींकडे हेलिकॉप्टरं निघतात आणि सांताक्रूझची धावपट्टी तिथून हाकेच्या अंतरावर आहे. थोडक्यात टळलेला प्रत्येक प्रसंग त्याच दिवशी कोणीतरी वाचायला हवा. वॉशिंग्टनला नोंदी होत्या. वाचायला ६७ जीव जावे लागले.