पुस्तक लिहून झाले, पण वाचक कुठे भेटणार?

लिहिण्याची हौस पुष्कळांना असते. नोकरी, घरकाम, मुलांचा अभ्यास असे सारे आटोपल्यावर रात्री वही उघडून बसणारे कितीतरी स्त्री-पुरुष आपल्या आसपास असतात. पण प्रकाशकाकडून 'साभार परत'चा शेरा आला की वही कपाटात जाते आणि हौसही तिथेच विरून जाते. आता मात्र मोबाइलमुळे लेखक थेट वाचकाच्या घरात पोहोचू शकतो. प्रश्न आहे तो पोहोचल्यावर तिथे टिकायचे कसे, याचा.

अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात राहणारे वकील लॉइड डेव्हरॉ रिचर्ड्स यांनी नोकरी आणि संसार सांभाळून १४ वर्षे एक रहस्यकादंबरी लिहिली. 'स्टोन मेडन्स' या नावाने ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढची अकरा वर्षे जवळजवळ दुर्लक्षितच राहिली. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांच्या मुलीने टिकटॉकवर वडिलांची काही सेकंदांची चित्रफीत टाकली. लिहिण्यात गढून गेलेले वडील आणि त्यांच्या कष्टांविषयी चार ओळी, एवढेच तिच्यात होते. ती कोट्यवधी वेळा पाहिली गेली आणि कादंबरी अ‍ॅमेझॉनच्या विक्रीच्या यादीत अग्रस्थानी जाऊन बसली.

हे वाचून 'आपणही अशी एक चित्रफीत टाकावी' असे वाटणे साहजिक आहे. पण चित्रफीत काही सेकंदांची असली, तरी तिच्यामागे १४ वर्षांचे लेखन तयार होते. गिऱ्हाईक दारात आले तेव्हा दुकानात माल होता!

वाचकच झाले सोबती

शिवाय अशी लॉटरी सर्वांनाच लागत नाही. सातत्याने काय साधते, ते अँडी वियर यांच्या उदाहरणावरून कळते. संगणक क्षेत्रात नोकरी करणाऱ्या वियर यांनी मंगळावर अडकलेल्या अंतराळवीराची कथा २००९ पासून आपल्या संकेतस्थळावर प्रकरणशः, विनामूल्य देण्यास सुरुवात केली. विज्ञानाची जाण असलेले वाचक चुका दाखवत आणि वियर त्या दुरुस्त करीत. पुढे वाचकांच्याच आग्रहावरून २०११ मध्ये त्यांनी ती किंडलवर अवघ्या ९९ सेंटला उपलब्ध केली. खप पाहून मोठा प्रकाशक पुढे आला, २०१४ मध्ये 'द मार्शियन' छापील रूपात आली आणि २०१५ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला.

पंजाबमध्ये जन्मलेल्या आणि कॅनडात वाढलेल्या रूपी कौर यांचीही वाट अशीच. लहान कविता आणि सोबत स्वतःची रेखाचित्रे त्या टम्बलर व इन्स्टाग्रामवर देत राहिल्या. २०१४ मध्ये त्यांनी 'मिल्क अँड हनी' हा संग्रह स्वतःच प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी प्रकाशकाने तो नव्याने काढला आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या.

आपल्याकडे मुंबईच्या अमीश त्रिपाठी यांना 'द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा'साठी प्रकाशकांचे अनेक नकार पचवावे लागले. २०१० मध्ये पुस्तक काढताना त्यांनी पहिले प्रकरण पुस्तिकेच्या रूपात दुकानांतून फुकट वाटले आणि यूट्यूबवर पुस्तकाची जाहिरातवजा चित्रफीत दिली.

या तिघांत एक गोष्ट समान दिसते. त्यांनी वाचकाकडे काही मागण्यापूर्वी त्याला काहीतरी दिले.

सुरुवात कशी करावी?

सर्वच माध्यमांवर एकदम धावू नये. कवितेला इन्स्टाग्राम, ललित लेखाला फेसबुक, तर क्रमशः कथेला २०१४ मध्ये सुरू झालेले 'प्रतिलिपि' सोयीचे पडते. 'प्रतिलिपि'वर मराठीसह अनेक भारतीय भाषांत लिहिता येते. इंदूर, बडोदा वा हैदराबादमध्ये राहणाऱ्या मराठी लेखकालाही तिथे दूरचा मराठी वाचक भेटू शकतो.

आठवड्यातला एक वार ठरवावा आणि तो पाळावा. 'माझे पुस्तक घ्या' असा धोशा लावला तर लोक पाठ फिरवतात. त्यापेक्षा कथेचा एखादा भाग द्यावा, इतरांच्या पुस्तकांविषयीही लिहावे, वाचकांच्या पत्रांना उत्तरे द्यावीत. मात्र घरचा पत्ता आणि मुलांच्या शाळेचे नाव अशा गोष्टी चारचौघांत मांडू नयेत.

सावध राहावे असे काही

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरता फिरता लेखावरचे नाव गळून पडते, कधी भलत्याचेच नाव चिकटते. यावर पूर्ण उपाय नाही. तरी प्रत्येक लेखावर आपले नाव आणि तारीख घालावी, मूळ प्रत जपून ठेवावी. भारतीय कायद्यानुसार मूळ लेखनावरील स्वामित्वहक्क सहसा लेखकाचा असतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. त्याच्या हयातीत तो टिकतोच, शिवाय मृत्यूनंतर ६० वर्षे वारसांकडे राहतो. म्हणूनच पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्यांच्या करारावर सही करण्यापूर्वी हक्क कोणाकडे राहणार, हे नीट वाचावे.

दुसरे असे की, ही माध्यमे भाड्याच्या घरासारखी असतात. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झाले. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा अनेकांनी जमवलेला प्रेक्षकवर्ग एका रात्रीत हातचा गेला. नियमित वाचकांचे ई-मेल पत्ते, त्यांच्या संमतीने, आपल्याजवळ असलेले बरे.

सर्वांत मोठा धोका मात्र बाहेरचा नाही. सकाळी टाकलेल्या कवितेला किती पसंत्या आल्या, हे दर पाच मिनिटांनी पाहणाऱ्याची दुसरी कविता लिहायची राहून जाते. एखाद्याच्या बोचऱ्या शेऱ्याने दिवस खराब होतो तो वेगळाच. म्हणून लिहिण्याच्या तासाला मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. ओळख वाढविण्याची साधने आज हाताशी आहेत, पण ओळख झालेला वाचक दुसऱ्यांदा येतो तो लेखनासाठीच. ते काम कोणतेही माध्यम लेखकासाठी करून देत नाही.