न उघडलेल्या खोक्याची किंमत

११ जुलै २०२१ रोजी अमेरिकेतील डॅलस येथील हेरिटेज या लिलावगृहाने पुठ्ठ्याचा एक लहानसा खोका १५ लाख ६० हजार डॉलरला विकला. त्या वेळच्या विनिमयदराने ही रक्कम ११ कोटी रुपयांहून अधिक होते. खोक्यात निन्टेंडो या जपानी कंपनीच्या 'सुपर मारिओ ६४' या १९९६ सालच्या व्हिडिओ खेळाचे कार्ट्रिज होते. टीव्हीला यंत्र जोडून खेळणारी आपल्याकडची मुले १९९० च्या दशकात जिला 'कॅसेट' म्हणत, त्याच जातीची ही वस्तू. दोनच दिवस आधी त्याच लिलावगृहात 'द लेजंड ऑफ झेल्डा' या खेळाची एक प्रत ८ लाख ७० हजार डॉलरला गेली होती. दोन्ही खोक्यांचे कारखान्यात चढवलेले प्लास्टिकचे वेष्टन शाबूत होते. किंमत मिळाली ती मुख्यतः त्या वेष्टनाला.

श्रीमंतांचा छंद म्हणून ही बातमी हसण्यावारी नेता येईल. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती तशी सोडून देता येत नाही. उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य यांतील भेद ॲडम स्मिथने पाणी आणि हिरा यांच्या उदाहरणाने सांगितला, त्याला दोन शतकांहून अधिक काळ लोटला. पाणी उपयुक्त, पण स्वस्त. हिऱ्याचा उपयोग थोडा, पण तो महाग. तरीही हिरा अंगावर घालता येतो. येथे मात्र वस्तूचा उपयोग करताक्षणीच तिची किंमत नष्ट होते. खेळ खेळायचा तर वेष्टन फाडावे लागणार, आणि वेष्टन फाडले की कोट्यवधींची चीज काही डॉलरांची होणार. उपयोग करायचा नाही, या अटीवरच जिची किंमत उभी आहे, अशी ही वस्तू आहे. जुन्या खेळांच्या या बाजाराचा विचार करायचा तो या विसंगतीपासून.

कचरा आणि वारसा

कार्ट्रिजचा इतिहास फार जुना नाही. १९७६ साली फेअरचाइल्ड या अमेरिकी कंपनीने 'चॅनल एफ' हे यंत्र बाजारात आणले. जेरी लॉसन या कृष्णवर्णीय अभियंत्याने त्याच्या विकासाचे नेतृत्व केले होते. तोवर घरी खेळण्याच्या यंत्रात जे खेळ कारखान्यातून बसवून येत, तेवढेच खेळता येत. आता खेळाची आज्ञावली एका स्वतंत्र डबीतील चिपवर आली. डबी बदलली की खेळ बदलला. यंत्र आणि खेळ यांची ही फारकत जितकी तांत्रिक होती तितकीच आर्थिक होती. यंत्र एकदाच विकले जाते, खेळ मात्र पुनःपुन्हा विकता येतात. पुढच्या वर्षी आलेल्या अटारीच्या यंत्राने याच तत्त्वावर प्रचंड व्यवसाय उभा केला.

तो कोसळलाही तितक्याच वेगाने. मागणीचा अंदाज चुकला, सुमार खेळांनी दुकाने भरली आणि माल परत येऊ लागला. 'ई.टी.' या गाजलेल्या चित्रपटावरचा खेळ हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांना सुमारे साडेपाच आठवड्यांत तयार करावा लागला होता. १९८२ च्या नाताळचा हंगाम साधायचा होता. कार्ट्रिजे लाखांनी काढली गेली आणि लाखांनी पडून राहिली. १९८३ साली अटारीला ५० कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात न विकलेला माल मालमोटारींत भरून न्यू मेक्सिकोतील ॲलामोगोर्डो या गावाच्या कचराडेपोत पुरण्यात आला.

पुढे तीस वर्षे ही हकिगत दंतकथेसारखी सांगितली जात होती. २६ एप्रिल २०१४ रोजी ती जागा खणली गेली आणि कार्ट्रिजे खरोखरच सापडली. बाहेर काढलेल्या सुमारे तेराशे नगांपैकी बरेचसे नगरपालिकेने इंटरनेटवर लिलावाने विकले व एक लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळवली. 'ई.टी.'च्या एका कार्ट्रिजला दीड हजार डॉलरहून अधिक भाव आला. एक नग वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात पोहोचला. दुकानात कोणी घेईना म्हणून जे पुरले, तेच पुरले गेले होते म्हणून विकले गेले.

मायकेल थॉम्प्सन या ब्रिटिश अभ्यासकाने १९७९ साली 'रबिश थिअरी' या ग्रंथात वस्तूंच्या अशा प्रवासाची मीमांसा केली आहे. बहुतेक वस्तूंची किंमत वापराबरोबर घटत जाते आणि अखेरीस शून्यावर येते. त्या शून्यावस्थेतून, म्हणजे कचऱ्याच्या अवस्थेतून, काही थोड्या वस्तू पुन्हा वर येतात आणि मग त्यांची किंमत काळाबरोबर वाढत जाते. हे संक्रमण आपोआप होत नाही. कोणीतरी ती वस्तू फेकायची नाही, असे ठरवावे लागते. कार्ट्रिजांच्या बाबतीत हा निर्णय कंपन्यांनी केला नाही, सरकारांनीही केला नाही. तो केला हौशी संग्राहकांनी. जुन्या बाजारातून चारदोन डॉलरला कार्ट्रिजे गोळा करावीत, गंजलेले संपर्कबिंदू पुसावेत, संपलेली बॅटरी काढून नवी डाखावी, खेळ चालतो की नाही पाहावे, जादा प्रत मित्राला देऊन त्याच्याकडची घ्यावी, असा हा छंद होता. त्यातही भाव होता, घासाघीस होती आणि क्वचित लबाडीही होती. पण वस्तूचे ज्ञान हे या व्यवहाराचे खरे भांडवल होते.

दुर्मिळता: खरी आणि घडवलेली

या छंदाला खऱ्या दुर्मिळतेचे आकर्षण होतेच. निन्टेंडोने १९९० साली अमेरिकेत घेतलेल्या स्पर्धांसाठी खास कार्ट्रिजे काढली होती. त्यांपैकी राखाडी रंगाची ९० आणि सोनेरी रंगाची अवघी २६ वितरित झाली. अशा वस्तूला मोठी किंमत यावी, हे समजण्यासारखे आहे. पुरवठा वाढणे अशक्य आहे आणि घेऊ पाहणारे पुष्कळ आहेत.

'सुपर मारिओ ६४'ची गोष्ट निराळी. या खेळाच्या जगभरात १ कोटी १९ लाखांच्या आसपास प्रती विकल्या गेल्या. त्या काळातील सर्वाधिक खपलेल्या खेळांत त्याची गणना होते. म्हणजे खेळ दुर्मिळ नाही आणि त्याचे कार्ट्रिजही दुर्मिळ नाही. दुर्मिळ आहे ती त्याची एक विशिष्ट अवस्था: न उघडलेली, कोपरा न दबलेली, वेष्टनाला चीर न गेलेली. ही अवस्था मोजण्यासाठी तराजू लागतो, आणि तो ज्याच्या हाती, त्याच्या हाती दुर्मिळतेचा पुरवठा. प्रतवारी करणाऱ्या कंपन्या खोक्याला दहापैकी गुण देतात, वेष्टनाला वेगळी श्रेणी देतात आणि सारे पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत कायमचे बंद करतात. ९.४ गुणांच्या आणि ९.८ गुणांच्या प्रतींत साध्या डोळ्यांना फरक दिसेलच असे नाही, पण किंमत अनेक पटींनी बदलू शकते.

प्रतवारी मुळातच निरर्थक आहे, असे म्हणण्याचा हेतू नाही. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले, की विकणाऱ्याला मालाचे गुणदोष माहीत आणि घेणाऱ्याला अज्ञात असले, तर चांगला माल बाजारातून हद्दपार होऊ लागतो. अशा वेळी तटस्थ तिऱ्हाइताचे प्रमाणपत्र दोघांच्याही हिताचे ठरते. परंतु त्यासाठी तो तिऱ्हाईत खरोखरच तटस्थ हवा. भाव वाढले की प्रमाणपत्रासाठी येणारा माल वाढतो आणि लिलावगृहाची दलालीही वाढते. ज्या बाजारात साऱ्याच मध्यस्थांचा लाभ तेजीत असतो, तेथे तेजीला वेसण घालणारा कोणी उरत नाही.

घडलेही तसेच. 'सुपर मारिओ ब्रदर्स' या १९८५ सालच्या खेळाच्या न उघडलेल्या वेगवेगळ्या प्रतींना मिळालेल्या किमतींचा क्रम पाहावा. फेब्रुवारी २०१९ मध्ये १ लाख डॉलर, जुलै २०२० मध्ये १ लाख १४ हजार, एप्रिल २०२१ मध्ये ६ लाख ६० हजार आणि ऑगस्ट २०२१ मध्ये २० लाख. या शेवटच्या प्रतीचे रॅली नावाच्या कंपनीने छोटेछोटे भाग पाडून ते आधीच सामान्य गुंतवणूकदारांना विकले होते. म्हणजे खोक्याचा मालक एक नव्हता. ज्यांनी तो कधी हातात धरला नाही, अशा अनेकांचा तो होता. केन्स यांनी १९३६ साली शेअरबाजाराला वृत्तपत्रातील सौंदर्यस्पर्धेची उपमा दिली होती. त्या स्पर्धेत स्वतःला आवडलेला चेहरा निवडायचा नसतो. बहुसंख्य स्पर्धकांना कोणता चेहरा आवडेल याचा अंदाज करायचा असतो. खोक्याची पारख असलेला संग्राहक मागे पडला आणि दुसऱ्याच्या अंदाजाचा अंदाज करणारा सटोडिया पुढे आला, तो असा.

मे २०२२ मध्ये या क्षेत्रातील अग्रगण्य प्रतवारी कंपनी 'वाटा' हिच्यावर कॅलिफोर्नियात ग्राहकांच्या वतीने सामूहिक दावा दाखल झाला. बाजारभाव कृत्रिमरीत्या फुगवल्याचा आरोप त्यात होता. आरोप म्हणजे निकाल नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पण आरोपाचा निवाडा काहीही होवो, महासाथीच्या काळातील अल्प व्याजदर, घरबसल्या हाती आलेला पैसा आणि बालपणाची ओढ यांवर पोसलेली तेजी त्यानंतर ओसरली. प्रत्येक तेजीत शेवटी येणारा असतो, तसा या तेजीतही होता. आणि तो बहुधा थोडी शिल्लक घेऊन आलेला माणूस असतो.

खेळ राहिला बाजूला

तथापि, काही गुंतवणूकदारांचा तोटा हा या प्रकरणातील गौण भाग आहे. मोठा तोटा आहे तो सांस्कृतिक वारशाचा. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज कोणत्याही अधिकृत मार्गाने बाजारात उपलब्ध नाहीत. ते नष्ट झाले, असा याचा अर्थ नव्हे. ज्याला ते पाहायचे आहेत, त्याने जुने यंत्र आणि जुने कार्ट्रिज मिळवावे, दूरच्या एखाद्या संग्रहालयापर्यंत प्रवास करावा किंवा कायदा मोडून नक्कल उतरवून घ्यावी, एवढेच पर्याय उरतात.

कार्ट्रिज काही अमर नाही. १९८७ साली अमेरिकेत आलेल्या 'झेल्डा'च्या कार्ट्रिजमध्ये खेळाची प्रगती साठवण्यासाठी एक छोटी बॅटरी बसवलेली असे. तिचे आयुष्य मर्यादित असते. ८ लाख ७० हजार डॉलरच्या त्या पेटीत बॅटरी जिवंत आहे काय, चिप शाबूत आहे काय, हे वेष्टन न फाडता कोणीच सांगू शकत नाही. प्रतवारी खोक्याची झाली. खेळाची झालीच नाही.

जतन हे सार्वजनिक हिताचे काम आहे. त्याचा लाभ सर्वांना आणि पुढच्या पिढ्यांना मिळतो, म्हणून बाजार ते आपण होऊन पुरेसे करत नाही. चित्रपटांच्या बाबतीत हे आपण पुरेपूर भोगले आहे. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'ची संपूर्ण प्रत आज उपलब्ध नाही; काही भाग तेवढा उरला. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात उभे राहिले ते १९६४ साली, म्हणजे अर्धशतकानंतर. तोवर कित्येक चित्रपट कायमचे गेले होते. खेळांच्या बाबतीत वस्तू अजून शिल्लक आहेत, त्या घडवणारे पुष्कळ जण हयात आहेत आणि कार्ट्रिजमधील आज्ञावली उतरवून घेण्याचे तंत्र साध्या हौशी माणसालाही अवगत आहे. अडचण आहे ती कायद्याची. अमेरिकेतील ग्रंथालये जुने खेळ डिजिटल रूपात जतन करू शकतात, पण ते वाचनालयाच्या इमारतीतच दाखवावे लागतात. दूरच्या अभ्यासकाला ते पाहू देण्याची परवानगी ग्रंथालयांनी मागितली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथील कॉपीराइट कार्यालयाने ती नाकारली. कंपन्यांच्या संघटनेचा तिला विरोध होता. फुकट खेळायला मिळाले तर बाजार बुडेल, ही त्यांची भीती. जो माल विकायलाच ठेवलेला नाही, त्याचा बाजार कसा बुडणार, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

उपाय अशक्य कोटीतील नाहीत. ठरावीक वर्षे बाजारात नसलेला खेळ नोंदणीकृत ग्रंथालयांना अभ्यासकांपुढे ठेवता यावा, अशी तरतूद कायद्यात हवी. कंपनीने तो पुन्हा विक्रीस आणला तर ही सवलत संपावी. मालकाचे न्याय्य उत्पन्न त्याने हिरावले जात नाही. प्रतवारी करणाऱ्यांनी कोणत्या श्रेणीच्या किती प्रती तपासल्या, हे आकडे उघड करावेत आणि लिलावगृहांशी असलेले हितसंबंध जाहीर करावेत. आणि जिचे भाग पाडून सामान्य माणसाला विकले जातात, त्या वस्तूच्या विक्रीला रोख्यांच्या विक्रीइतकीच कडक शिस्त असावी.

संग्राहकाविषयी आकस बाळगण्याचे कारण नाही. कंपन्या माल पुरत होत्या तेव्हा त्याने तो जपला, याबद्दल त्याचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु जपणे आणि कोंडणे यांत अंतर आहे. ज्या कार्ट्रिजवर एखाद्या मुलाने आपले नाव शाईने लिहिले आहे, ज्याचा कोपरा झिजला आहे आणि जे यंत्रात घातले की अजूनही चालते, त्याला बाजारात फारशी किंमत नाही. खेळ जिवंत आहे तो मात्र तेथेच.