काचेतला समुद्र

केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा तुम्ही मत्स्यालयात पाहिला असेल. तो घरी पाळायचा झाला तर काय कराल? बादलीभर पाण्यात मूठभर मीठ टाकाल? छे! समुद्र म्हणजे नुसतं खारं पाणी नव्हे.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतले ३० ग्रॅम म्हणजे आपलं रोजचं मीठच. उरलेल्या पाच ग्रॅममध्ये मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम अशी मंडळी दाटीवाटीने बसलेली असतात. आणि अगदी शेवटच्या बाकावर असतात आयोडीन, लोह, तांबे, जस्त. ही झाली सूक्ष्म मूलद्रव्ये. सूक्ष्म म्हणजे किती? दहा हजार लिटरचा टँकर समुद्राच्या पाण्याने भरलात, तर त्यात आयोडीन असेल अर्ध्या ग्रॅमहून जरासं जास्त!

पण त्यांच्यावाचून चालत नाही, बरं का. कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहून न्यायला तांबे लागते. आपल्या रक्तात हेच काम लोह करते. मात्र तेच तांबे थोडे वाढले की विष! माशांच्या अंगावर पांढरे ठिपके येतात, त्या रोगावर तांब्याचे औषध देतात. लिटरमागे मिलिग्रॅमचा जेमतेम पाचवा भाग. मासा बरा होतो, पण टाकीतल्या कोळंब्या आणि प्रवाळ दगावतात. म्हणून आजारी माशाला वेगळ्या टाकीत ठेवूनच औषध द्यायचे.

आता टाकीतल्या घाणीचे काय? माशांची विष्ठा आणि उरलेले अन्न कुजून पाणी पिवळट होते. मग मदतीला येतो सक्रिय कोळसा. तो नारळाच्या करवंट्यांपासूनही बनवतात. त्याला असंख्य बारीक छिद्रे असतात. एका ग्रॅममधल्या छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या, तर सुमारे १,००० चौरस मीटर जागा व्यापतील. म्हणजे कबड्डीची सात-आठ मैदाने! या भिंतींना रंग आणि वास आणणारी द्रव्ये चिकटतात. भिंती भरल्या की कोळसा बदलायचा. अमोनिया मात्र त्याला आवरत नाही. ते काम टाकीतल्या जिवाणूंचे.

गंमत म्हणजे कोळशाला शत्रू-मित्र ओळखता येत नाहीत. कोळसा चांगला आहे का, हे कारखान्यात तो किती आयोडीन धरतो यावरूनच तपासतात! म्हणजे घाणीबरोबर कामाची द्रव्येही थोडीफार जाणारच. औषधही तो शोषतो, म्हणून औषध देताना कोळसा काढून ठेवतात.

मग गेलेली द्रव्ये परत कशी आणायची? बाटलीतले थेंब अंदाजपंचे ओतायचे? मुळीच नाही! मोजल्याशिवाय काहीही घालायचे नाही. सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे दर पंधरवड्याला टाकीतले दहा टक्के पाणी काढायचे आणि समुद्री क्षारांचे तयार मिश्रण विरघळवलेले ताजे पाणी भरायचे. घाण कमी, भरपाईही आपोआप!

आणि हो, समुद्रातला प्रवाळ तोडून आणायचा नाही हं. आपल्या देशात २००१ पासून त्याला वाघाइतकेच कायद्याचे संरक्षण आहे. शंभर लिटरचा समुद्र सांभाळताना एवढी धांदल उडते. मग खऱ्या समुद्रात काहीबाही टाकताना आपण दहादा विचार करायला नको का?