सूज काय सांगते?

अंगणात अनवाणी चालताना पायात काटा रुततो. आपण तो काढून टाकतो आणि विसरून जातो. संध्याकाळी मात्र ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकू लागते. काटा तर निघाला, मग हे काय, असा प्रश्न आपल्याला पडतो. हे आपल्याच शरीराने आरंभिलेले संरक्षण होय. वैद्यकशास्त्र त्याला दाह म्हणते.

लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे सेल्सस या रोमन ग्रंथकाराने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच नोंदविली होती. त्यांचे कारण पुढे उलगडले. इजा होताच तेथील पेशी हिस्टामिनसारखी रसायने सोडतात. सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त अधिक येते आणि जागा लाल व उष्ण होते. वाहिन्यांतून द्रव झिरपतो, म्हणून सूज येते. त्याच वाटेने पांढऱ्या पेशी काही तासांत तेथे पोहोचून जंतूंना गिळू लागतात. पुवामध्ये मुख्यतः या झुंजीत मेलेल्या पेशी आणि जंतू असतात. वेदना आपल्याला तो पाय जपायला लावते.

म्हणून किरकोळ सूज दिसताच गोळी घेण्याची घाई करू नये. जखम साबणाने व स्वच्छ पाण्याने धुवावी, पाय उंचावर ठेवावा आणि धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते डॉक्टरांना सांगावे. साध्या जखमेची सूज बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरू लागते. लाली पसरत गेली, तिच्या रेषा वर चढू लागल्या, थंडी वाजून ताप आला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

घरात कुणाला दीर्घकाळ मधुमेह असेल, तर अधिक सावध राहावे. त्यांच्या पायांची संवेदना मंदावलेली असू शकते. जखम चिघळते, तरी दुखत नाही. आणि दुखत नाही म्हणून कुणी पाहत नाही. अशा दुर्लक्षित जखमेपायी कधी बोट, कधी पाऊलही गमवावे लागते. आजी-आजोबांना वाकून तळवा पाहणे जमत नसेल, तर रोज रात्री निजण्यापूर्वी आपण तो पाहावा, बोटांच्या बेचक्यांसह. त्यांना जे जाणवत नाही, ते आपल्या डोळ्यांना वेळीच दिसू शकते.